एका घाण्याची ओढ

४ मार्च

आलो एकदाचे! संस्थेनं दिलेलं घर माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं निघालं. दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायला मोकळी जागा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच संस्थेची इमारत. नोकरी म्हणजे अंगण ओलांडायचं. सामान लावायला लंबूरावांनी भरपूर मदत केली, म्हणजे काठी टेकून उभ्या उभ्या सूचना केल्या. कपाट इकडे, नाही तिकडे, नाही पहिलीच जागा बरी. लंबूराव म्हणजे आमचा नवरा. कुठल्याही दारातून वाकूनच आत येतो. चित्रकलेचा मास्तर, शाळेत पोरांची चित्रं टांगताना शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं, ते अजून जुळायचं नाव घेत नाही. त्याला बरं होईपर्यंत थोरल्या भावाकडे जाऊन राहायचं होतं. मीच हटून बसले. इथे नोकरांच्या घरच्या माणसाला हाड सांधायचा नवा माल मिळतो, म्हणून तर ही नोकरी धरली. शिवाय, इथे लिहायला काय हरकत आहे, तो लांब गेलेला मला चालत नाही.

८ मार्च

माझं काम तोडण्याचं. जोडलेले तुकडे यंत्रात धरायचे, ओढायचे आणि कुठे तुटतात ते बघायचं. यंत्रवाले काका म्हणाले, ताई, साहेबांनी माणूस अगदी स्वभाव बघून निवडलाय. ओळख व्हायच्या आत थट्टा सुरू!

माल मात्र अजब आहे. मधाच्या रंगाचा, धड रबर नाही, धड प्लॅस्टिक नाही. कापून तुकडे शेजारी ठेवले आणि जरा ऊब दिली की एकजीव. एका वेळी ओतलेल्या मालाला इथे घाणा म्हणतात, तळणाचा असतो तसा. हाच माल हाडात चालतो आणि बांधकामातही. तळमजल्याच्या मधल्या खांबाला तडा गेला होता, तो यानंच भरलाय. वरच्या मजल्यांवर रुग्ण असतात. साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, तो खांब येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात. ते बोलायच्या आधी समोरच्याला खोकल्याची गोळी देतात. तोंडात गोळी असली की माणूस मध्ये बोलत नाही, हे मी लगेच ओळखलं.

२० मार्च

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. खांबात भरून उरलेला घाणा वापरला म्हणाल्या, इतका सरस पुन्हा जमलाच नव्हता, म्हणून जपून ठेवला होता. लंबूराव शुद्धीवर आल्यावर त्यांना हे सांगितलं. म्हणाले, म्हणजे खांब माझा सख्खा भाऊ झाला की, आता थोरल्याकडे जायलाच नको. हसता हसता मला रडू फुटलं. फार दिवसांनी तो विनोद करत होता.

३ एप्रिल

काठी माळ्यावर टाकली! हा चालतो, जिने चढतो, वाकून बुटाची नाडी बांधतो. आणि रोज दुपारी मला जेवायला न्यायला येतो. खाली उतरावं तर हा खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा. लग्नाआधीसुद्धा कधी माझी अशी वाट बघितली नव्हती. काकांनी चिडवलं की या वयात हे काय लावलंय. मी वरवर डोळे वटारले, आतून गुदगुल्या होत होत्या.

९ एप्रिल

आज मला सुट्टी. न्हाऊन बाहेर आले तर हा बूट घालतोय. कुठे निघालास म्हटलं, तर म्हणाला, तुला आणायला. अरे, मी ही काय समोर उभी आहे! तो ओशाळून हसला. पण उजवा पाय दाराकडे सरकतच होता, फरशीवरून घासत, त्याच्या मनात नसताना. खुर्चीत बसवला तर खुर्चीसकट सरकला. मांडीची कातडी एका अंगाला ताणलीये, संस्थेच्या अंगाला. दुखत नाही म्हणतो, खाज सुटते. खांबाला टेकलं की थांबते.

म्हणजे मला न्यायला येत नव्हता. खरं लिहायचं तर मला आधी राग आला. भीती नंतर वाटली.

११ एप्रिल

खांबात आणि याच्या मांडीत भरलेल्या त्या घाण्याचा नमुना कपाटात होता. त्याचे दोन तुकडे टेबलाच्या दोन टोकांना ठेवले. दुसऱ्या एका घाण्याचेही तसेच ठेवले आणि जेवायला गेले. आले तर दुसरे जागच्या जागी होते. आपल्या घाण्याचे टेबलाच्या मधोमध, एक झालेले. जोड नखाला लागेना.

साहेबांकडे धावले. त्यांनी गोळी पुढे केली आणि विचारलं, किती अंतरावरून आले? त्यांना ठाऊक होतं. मी ओरडले, मग सांगितलं का नाही? ते शांतपणे म्हणाले की टेबलावर टेबलापुरतीच ओढ कळते, लांबची कळायला माणूसच लागतो. आणि बाई, इथलाच माल हवा हा हट्ट तुम्हीच धरला होता.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, काढून टाका. त्यांनी उघडून बघितलं. सुरी पुढे गेली की मागे जुळत होतं. मग पाय कापा म्हटलं. त्यांनी त्याच्या मांडीवरून बोट वर नेलं, कमरेवरून, कण्यापर्यंत. मुरलंय म्हणाल्या. कुठून कापू, ते तुम्हीच सांगा.

१५ एप्रिल

गाडी केली. थोरल्या दीरांकडे निघालो. फाटकापर्यंत ठीक होतं. पण लांब जावं तशी ओढ वाढते, रबर ताणावं तशी. तो घामानं निथळत होता, परत फिरू म्हणून गयावया करत होता. मी म्हटलं, थोडं सोस. गाडीवाल्याला म्हटलं, चालू दे.

मांडीतून आवाज आला. जोड नाही तुटला. जोडाच्या वरचं चांगलं हाड तुटलं.

परत फिरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. चालू दे, मी म्हटलं होतं. मी.

१८ एप्रिल

त्याला पलंगाला बांधलाय. पलंग संस्थेकडच्या भिंतीला जाऊन चिकटलाय. नवं मोडलेलं हाड आपोआप जुळलं, डॉक्टरीणबाई खूश.

उशाशी बसले तर म्हणाला, त्या बाजूला बसू नकोस, मध्ये येतेस.

मी मध्ये येते.

२१ एप्रिल

खिडकीतून संस्था सरळ दिसायची. आज तिची कड खिडकीच्या चौकटीशी जुळत नाही. आधी वाटलं, माझेच डोळे —

खाली जाऊन बघितलं. खांबाजवळची फरशी उचकटलीये. आमच्या घराच्या दिशेनं. काका माझ्याकडे बघेनात.

ओढ दोन्हीकडून असते. हे मला सुचायला हवं होतं. दुसरं काय काम करते मी?

२३ एप्रिल

वरच्या मजल्यावर पायांना वजनं लावलेली माणसं आहेत. हलवता येत नाहीत. छताची माती अंगावर पडतेय त्यांच्या. एक बाई जिन्यात भेटली, तिची मुलगी वर आहे. विचारत होती, ताई, इमारत झुकतेय का हो? मी नाही म्हटलं.

साहेब घरी आले. गोळी दिली नाही. म्हणाले, त्याला खांबाशी नेऊन टेकवा, खांब थांबेल. ओढ आता इतकी वाढलीये की तो खांबापासून पुन्हा सुटणार नाही, हेही सांगितलं. सरळ सांगितलं. उद्या सकाळी —

त्याला काय सांगू?

२४ एप्रिल

काका चाकांची खुर्ची घेऊन दारात उभे. तो पलंगाच्या दांड्याला धरून. पाय तिकडे ओढतोय, हात सोडत नाहीत. नको म्हणतो. मला घरीच ठेव म्हणतो, तुझ्यापाशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा —

वर माणसं आहेत. ती मुलगी आहे.

खोटं बोलले. संध्याकाळपर्यंतच म्हटलं. खांब सावरला की तुला घरी आणते. काकांनी तोंड फिरवलं.

त्याला पटलं. लगेच. दांडा सोडला. कंगवा मागितला, तिकडे लोक असतील म्हणून. केस विंचरतोय. सदरा कुठला घालू, विचारलं. मी निळा दिला.

माझी बॅग पलंगाखाली भरून ठेवली आहे. त्याला दिसत नाही. दुपारची गाडी. मला ते रोज बघता येणार नाही — नाही येणार —

विचारतोय, थांबशील ना तिथे, मी असेपर्यंत? हो म्हटलं. पुन्हा विचारतोय. हात पुढे केलाय. वही ठेव म्हणतो, माझ्याकडे बघून सां