नेवाशाच्या रस्त्याचं वळण आणि दादांचा दगड

ता. ११ मार्च १९४६

आदरणीय थोरले बंधू गिदोनदादा यांस,
मुक्काम केडगाव.

धाकट्या दानीएलचा नम्र सलाम. प्रभूच्या दयेने इथे सर्व ठीक. तुमची प्रकृती कशी आहे? (यंदा ही चौकशी रिवाजापुरती नाही. पुढे कळेल.)

आपला नगर-नेवासा रस्ता सरळ करायचं निघालं आहे. लढाईत लष्करी लॉऱ्यांनी त्याची पार चाळण केली, आता दुरुस्तीत गावाजवळचं वळणही काढणार म्हणे. ते वळण कसं पडलं हे तुम्हीच मला सांगितलेलं. मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर हा रस्ता झाला, खडी फोडता फोडता माणसं मेली, त्यांना तिथेच पुरलं आणि उरलेल्यांनी रस्ता त्यांना वळसा घालून नेला. पुढे तीच आपली दफनभूमी झाली. आईही तिथेच. आणि नव्या आखणीची खुंटी नेमकी आईच्या उशाशी ठोकलेली.

मी ओव्हरसियरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मातीच्या उंचवट्याला आम्ही कबर धरत नाही, नावाचा दगड दाखवा. आता आईच्या दगडाचं तुम्ही बारा वर्षं 'बघू' म्हणता आहात, आणि स्वतःचा मात्र नाव, जन्मसाल नि बायबलचं वचन कोरून माझ्या धान्याच्या कणग्यांच्या खोलीत ठेवून गेलात. (त्याच्यामागे घुशीने बिऱ्हाड थाटलं होतं.) मी तो बैलगाडीत घातला आणि आईच्या उशाशी उभा केला.

साहेबांनी नाव वाचून विचारलं, हे कोण? मी म्हणालो, माझे थोरले बंधू. यात एक अक्षर खोटं नाही. पण शेजारची रंगुबाई तिथे गवत कापत होती, तिने ते ऐकलं आणि खाली बसकणच मारली. "आरं देवा, गिदोन गेला आन मला कुनी सांगितलं बी न्हाई. लई गुनाचा हुता." (तुमच्याबद्दल गावात असं मत आहे हे मला नवीनच.) साहेबांनी टोपी काढली आणि खुंटी उपटायला सांगितली. वळण राहिलं, दादा. घरी येऊन मी रडलो, ते तुमच्यासाठी नव्हे.

आपला,
दानीएल

ता. क. रस्त्याचं काम संपेपर्यंत गावाकडे फिरकू नका. रंगुबाईला मी खरं काय ते सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक ता. क. दगड परत मिळणार नाही. त्याची मागची बाजू कोरी आहे, तिथे आईचं नाव घालायचं आहे. मरिया हे बाप्तिस्म्यातलं. या रस्त्यावर तिने खडी फोडली ती त्याआधी, जुन्या नावाने. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तुम्ही पाच वर्षांचे, दिवसभर तिच्या शेजारी बसायचात. रोज सकाळी हजेरीला मुकादम तिला कोणत्या नावाने हाक मारायचा, तेवढं आठवून कळवा.