चौतीसच तर आहेत

२४ मे, सकाळ

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा. आईची तब्येत आता बरी आहे, आज सकाळी मऊ भात पोटभर जेवली. तुमच्याकडे पारा सेहेचाळीसवर गेल्याचं बातम्यांत दाखवलं. पोरीला दुपारी बाहेर सोडू नका.

फोनवर मी तुला सांगितलं, मी बाहेर गेले होते आणि आईला जरा चक्कर आली. ते तसं नव्हतं. ती पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटंच बोलेन, म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये मी काय काय बोलले ते तू विसरला नसशील. "आईला त्या भट्टीत भाजून काढताय. इथे समुद्र आहे, पारा चौतीसच्या वर जात नाही." वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्यांना इथल्या उन्हाची सवय आहे हो, वन्सं." मी त्यांनाही सोडलं नाही.

आई आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने तिकडचीच पद्धत सुरू केली. सकाळी नऊलाच खिडक्या बंद, त्यांवर ओल्या चादरी, पंख्यासमोर पाण्याची बादली. कोरड्या हवेत एवढं केलं की घर माठासारखं गार होतं, आपण दोघं त्याच चादरींमागे वाढलो. इथे हवाच ओली. चादर संध्याकाळपर्यंत वाळायची नाही आणि घराचं न्हाणीघर व्हायचं. "घाम नुसता बसून राहतो गं अंगावर. आगंतुक पाहुण्यासारखा, जायचं नाव घेत नाही," ती म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. इथे खिडक्या उघड्याच हव्यात, हे मला कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. लग्नाच्या केकच्या ऑर्डरी होत्या, हाताला उसंत नव्हती.

माझ्या घरी एसी एकाच खोलीत आहे, ते तुला माहीत आहे. ती केकची खोली. दार दोनदा उघडलं तरी क्रीमची फुलं ओघळतात. आईला मी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "काम चालू असताना आत नको येऊस."

नऊ तारखेला तीन मजली केक होता. दुपारी दोनच्या सुमाराला टकटक झाली.

"दार उघड गं. जरा आत बसते. जीव घाबरा होतोय."

"दहा मिनिटं गं आई. क्रीम बसतंय."

"बरं बरं. तुझं होऊ दे."

दहा मिनिटं नव्हती ती, दादा. पाऊण तास होता. मी कुठेही बाहेर गेले नव्हते.

याहून वाईट पुढे आहे. केक न्यायला माणूस आला तेव्हा मी खोका दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. आई दाराशीच फरशीवर कुशीला पडली होती. मला वाटलं, गारव्याला पडलीय. खोक्याला धक्का लागू नये म्हणून मी तिला वळसा घालून गेले. केक गाडीत नीट ठेवून दिला. "सुरेख झालाय हो," तो म्हणाला आणि मी हसले. मग परत येऊन तिला हाक मारली. अंग तव्यासारखं तापलेलं. मला ओळखेना. "पोरांना शाळेतून आणायचंय," असं काहीसं पुटपुटत होती. ती पोरं म्हणजे आपणच ना रे?

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावून आल्या. त्यांनीच तिला एसीत ओढून नेलं, अंगावर पाणी ओतलं, पंख्याचा वारा सोडला, काखेत नि मानेशी बर्फ ठेवला. मी नुसती उभी होते, हाताला क्रीम लागलेलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "घाम वाळला तरच अंग निवतं. इथे हवेतच एवढं पाणी, तो वाळणार कुठे? मग चौतीसही पुरतात."

घरी कोण होतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी आई बोलू लागली, त्यांनी तिलाही तेच विचारलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोणी नव्हतं. लेक बाहेर गेली होती." मी काय सांगितलंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्याच मनाने बोलली.

आता तिची खाट त्याच खोलीत टाकलीय. ऑर्डरी घेणं बंद केलंय. पण मोरीतून परतली की ती उंबऱ्याशी थांबते नि विचारते, "येऊ का आत?" दिवसातून चार-पाच वेळा. टोमणा नाही तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पंधरवड्याने तिला प्रवास करता येईल. तिला तिकडेच यायचंय. तू न्यायला ये. ती तुझ्यासमोर माझं कौतुक करील, लेकीने किती केलं म्हणून. तेव्हा तिला काही बोलू नकोस. मला बोल. आणि हे पत्र वहिनींनाही वाचायला दे, त्यांच्यापासून लपवू नकोस.

तू बोलशील ते खाली मान घालून ऐकणारी,
तुझी धाकटी