नमुन्याची ओळ

११ नोव्हें. १९९५, शनि.
छपाईच्या दुकानात मालक देवांगनजींनी मला नवं काम लावलं. कॉम्प्युटरमधे शंभरावर फाँट, पण नावावरून अक्षर कसं ते कळत नाही. दोनदोनदा घातलेले काढून टाकायचे, उरलेल्यांचा एकेक पान नमुना छापून अल्बम करायचा. सुपेल्यासारख्या हिंदी वस्तीत मराठी लग्नपत्रिका करणारं आमचंच दुकान. गिऱ्हाईक अल्बम बघून टाइप निवडणार.
नमुन्याला ओळ कोणती? आमच्या वैशूचं लग्न ठरून साक्षगंध झालंच आहे. लिहिलं : चि. प्रदीप आणि चि. सौ. कां. वैशाली.
लेकीचं नाव एकशे चार वळणांनी. एकटीच हसत होते.

२ डिसें.
अल्बम फायलीत लावून झाला. वैशूला दाखवायला घरी आणला. "आई, तू बी नं!" पण शेवटच्या पानापर्यंत पाहिला.

१९ डिसें.
प्रदीपच्या वडिलांचं पत्र. चार ओळी. मुलाचा विचार बदलला, राग मानू नये. साक्षगंधाची साडी ठेवून घ्या.
ठेवून घ्या!

२० डिसें.
हे फर्स्ट शिफ्टवरून आले, बूटही न काढता सुरू. "तुले कोनं सांगतलं होतं पोरीचं नाव छापाले? आता सारा सुपेला वाचून राहिला."
मी पोळ्या लाटत राहिले. वैशू आतल्या खोलीत. कारखान्याच्या क्वार्टरमधे सगळं ऐकू जातं.

२३ डिसें.
पानं बदलू का, विचारलं. देवांगनजी : "मैडम, ग्राहक अक्षर देखता है, नाम कौन पढ़ता है?"
वाचतात. आज एक बाई पानं उलटता उलटता मैत्रिणीला म्हणाल्या, "हेच ते नं, मोडलेलं?" माझ्यासमोर.

२६ डिसें.
वैशू आठवड्यानं बोलली. "आई, मले तिथून काढ." बस, एवढंच.
जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन पानं बदलून टाकते. कागद घरचा, म्हणून देवांगनजी गप्प. नवी ओळ : शुभविवाह निमंत्रण. कोणाचंच नाव नाही.
वैशू रोज विचारते, किती राहिली.

१९ जाने., शुक्र.
प्रदीपचे वडील दुकानात.
"नमस्कार, मॅडम." साक्षगंधात विहीणबाई म्हणत होते. "मराठी कार्ड दुसरीकडं कुठं होते इथं? म्हनून आलो. मनाले लावून घेऊ नका."
प्रदीपचं ठरलं. राजनांदगावची मुलगी, अर्चना. मी वय विचारलं. वीस.
अल्बम पुढे ठेवला. चष्मा घरी विसरलेले. लांब धरून बोट फिरवत होते, ते वैशालीवर थांबलं. "हे वळन मस्त आहे. जाड आहे, बुढ्यालेही दिसते." नाव वाचलंच नाही.
मग म्हणाले, "असं करतो, अल्बमच घेऊन जातो. उद्या राजनांदगावले जाऊन राहिलो, पोरीवालेच पसंत करतीन."
देवांगनजी लगेच, "ले जाइए, ले जाइए."
सत्तावन्न पानं बदलायची बाकी होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी पिशवी शोधली. कोपरे दुमडू नयेत म्हणून अल्बमला वर्तमानपत्र गुंडाळलं. पिशवी त्यांच्या हातात दिली.

२० जाने.
पोचले असतील. चहा झाला असेल. आता ती पोरगी मांडीवर घेऊन पानं उलटत असेल. तिनं माझं काय बिघडवलं होतं?
दुकानात फोन वाजला की टाइप करणारी बोटं थांबतात. दिवसभर काही आलं नाही.
संध्याकाळी वैशू, "किती राहिली, आई?"
म्हटलं, अल्बम गिऱ्हाइकाकडे गेलाय.
"कोनाकडे?"
हात पिठाचे होते. मोरीत गेले, नळ सोडला. ती मागोमाग दारात येऊन उभी राहिली.