फूटपाथवरच्या अकरा गाड्या

३ मार्च
शेजारचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून टेलिफोनवाले, आज पुन्हा एकटेच दुधाला निघाले. डोळ्यांनी काही दिसत नाही, सगळी भिस्त काठीवर. आमच्या पुढच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत फूटपाथवर गाड्याच गाड्या. खिडकीतून मोजल्या — अकरा. बिचारे रस्त्यावरून चालले, मागून टेंपो. ते परत दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

५ मार्च
पुढच्या घरातल्या वकिलांना म्हटलं, गाडी आत लावा. हसले. "आजी, हल्ली फूटपाथवर चालतंय कोण?"
"चालायला जागा ठेवलीत का?" म्हटलं.
तेवढ्यापुरतं तोंड चाललं. घरी आल्यावर आधी दाराला आतून कडी घातली.

८ मार्च
पालिकेला अर्ज लिहिला. पूर्वी असलं सगळं हे लिहायचे, गल्लीचे भाऊ. मी आपली जुने पेपर वाचून वाचून शिकलेली. तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं. अकराही गाड्यांचे नंबर घातले. सून म्हणते, "आई, कशाला नसती उठाठेव? गल्लीभर वैर होईल." होऊ दे. मला भीती आहे ती वैराची नाही.

११ मार्च
ब्रेक करकचला की हातातलं काम सुटतं. आज दोनदा.

१४ मार्च
शेवटी झालंच. मागून आलेल्या एका गाडीचा आरसा लागला आणि टेलिफोनवाले पडले. मी अनवाणीच धावले. मनगट विचित्र वळलेलं, आणि विचारतात काय, "वहिनी, काठी शाबूत आहे ना?" मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले, डोकं थोडक्यात वाचलं.
मी सगळ्यांदेखत वकिलांना वाट्टेल ते बोलले. 

१७ मार्च
टेलिफोनवाल्यांना बघायला गेले. म्हटलं, दुसरा अर्ज करते, त्या वकिलांच्या गाडीपायी तुम्हाला रस्त्यावर उतरावं लागतं असं स्पष्ट लिहिते.
त्यांनी उशाशी ठेवलेली काठी चाचपली. मग म्हणाले, "वकिलांच्या गाडीपर्यंत पोचतोच कुठे मी? तुमच्या फाटकापाशीच उतरतो. ताडपत्री लागते हाताला. भाऊंची स्कूटर — तुम्हाला कसं सांगायचं, वहिनी?"
हे गेल्यापासून तीन वर्षं, दर रविवारी ती स्कूटर पुसते मी. मोजली नाही कधी.