मागे राहिलेला उंदीर

महाल, नागपूर
दि. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. अस्मितास, यमुताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी ठीक. नव्या नोकरीचं प्रशिक्षण जमून राहिलं ना? अमरावतीला थंडी असेल, स्वेटर घालत जा. तुझी मधुवंती जेवते, शाळेत जाते, परवा तिचा पुढचा दात पडला. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझा फोन वाजला की पोरगी माझ्या मांडीत येऊन बसते, आणि मला तिच्यादेखत बोलायचं नाही. म्हणून कागद घेतला.

वर सौ. लिहिलं आहे, ते चुकून नाही. गल्लीतल्या बाया काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. गिरिधर भाद्रपदात कन्हान नदीत गणपती शिरवायला उतरला तो वर आला नाही, हे खरं. पण सापडलाही नाही. माझ्या पाठचा भाऊ तो, माझ्या हातून ते अक्षर गाळलं जात नाही.

तुला माहीत आहे, रविवारी मी गल्लीतली मुलं जमवते. मास्तरीणकी सोडली तरी खोड जाते कुठे? या महिन्यात विषय घेतला उंदीर. काहून म्हणशील, तर सौरवच्या घरी पिंजऱ्यात एक सापडला आणि सौरवच रडून राहिला होता. म्हटलं, भिता कशाला, ओळख करून घ्या. कळमन्याच्या गोदामात पोती फोडणारा तोच आणि बाप्पाला पाठीवर घेणारा तोच. ज्याला आपण औषध घालून मारतो, त्यालाच मामा म्हणून पडलेला दात देतो आणि त्याचा मागतो. मुलं खिदळली. मग मूषकाच्या कानात इच्छा कशी सांगायची ते शिकवलं. एका कानात बोलायचं, दुसरा हाताने झाकायचा, नाहीतर बोलणं आरपार जातं. दाखवायला मी आपला शाडूचा उंदीर काढला.

हो, तोच. त्या दिवशी घाईत मूर्ती गेली आणि तिचा हा सुटा उंदीर पाटावरच राहिला. नंतर त्याला शिरवायला नदीवर जायची कोणाची छाती होती? मी कपाटात ठेवून दिला होता.

मुलांनी सायकल मागितली, सुट्टी मागितली. मधू मात्र बराच वेळ त्याच्या कानाशी होती. विचारलं तर म्हणाली, "बाप्पा त्याले सोडून गेला न आत्या. त्याले तिकडे जायचंच आहे. म्हटलं, येताना बाबाले घेऊन ये." आपणच तिला सांगितलं ना, बाबा बाप्पाला त्याच्या घरी पोचवायला गेलाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी उंदीर ओला होता. मला वाटलं, पोरीने आंघोळ घातली. त्याच्यासमोर सदऱ्याचं बटण पडलं होतं. घरातलंच असेल म्हटलं. मग चष्म्याची काडी आली, तिच्या सांध्यात रेती. मी तिच्यावर ओरडले, कुठून आणून राहिली हे? ती शांतपणे म्हणाली, "मी नाही. तो आणते."

परवा तिने आपला पडलेला दात त्याच्यापुढे ठेवला. "माझा घे, बाबाचा दे," म्हणाली.

अस्मिता, कसं लिहू तुला? सकाळी तिथे मोठ्या माणसाचा दात होता. पुढचा, कोपरा उडालेला. विटी लागून तो कोपरा उडाला तेव्हा गिरीला दवाखान्यात मीच नेलं होतं. मी वाकून तो उचलला. मधू खुशीत होती. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "थोडा थोडा आणून राहिला तो. लहान आहे न, एकदम कसा आणीन?"

मला भीती वाटते. कोणाला सांगावं तर म्हातारपणाआधीच चळ लागला म्हणतील. उंदीरही विरघळत चाललाय. शेपूट गेली, पाय गेले, नुसतं तोंड आणि कान राहिलेत. तरी रोज सकाळी कपाटातला त्याचा पाट ओला असतो, आणि आता घरात नदीचा वास येतो.

उपाय काही अवघड नाही. पोरीला खरं सांगायचं, तिच्याकडूनच त्याला "नको आणू" म्हणवायचं आणि त्याला पाण्यात सोडायचं. दोनदा तिला जवळ घेऊन बसले, पण तोंड उघडलं नाही. जीभ जड झाली म्हणून नाही गं. मला सांगायचंच नव्हतं. काल झोपायच्या आधी कपाटाचं दार मीच उघडं ठेवलं आणि गिरीच्या आवडीची, कोथिंबीर भरलेली सांबारवडी बशीत ठेवली.

तू आई आहेस, तुझं ती ऐकेल. रजा मिळो न मिळो, शनिवारच्या गाडीने ये. उशीर केलास आणि तो आधी आला, तर कसाही आला असला तरी मी त्याला परत जा म्हणणार नाही.

तुझी वाट पाहणारी, आणि त्याचीही,
यमुताई