घरामागचा ढीग

बाबांना साष्टांग नमस्कार. फोन लागत नाही, म्हणून हे गाडीवाल्याच्या हाती धाडतेय. आधी तुम्ही एकटे वाचा, मग आईला सांगा.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. काम तेच, उपग्रहाची चित्रं बघून डोंगरातले दगडांचे ढीग नकाशावर मांडायचे. काहींच्या पोटात बर्फ असतो, ते मुंगीच्या पावलांनी खाली सरकतात. म्हणून प्रत्येक ढीग दहा वर्षांपूर्वीच्या चित्राशी ताडून बघायचा, असा इथला नियम.

आपल्या घरामागचा मी न ताडताच ‘स्थिर’ लिहिला. ज्यावर खेळून मोठी झाले, त्याला काय तपासायचं? काल साहेबांनी दोन्ही चित्रं माझ्यापुढे ठेवली. आपला बसायचा धोंडा वीस पावलं गोठ्याकडे आलाय.

घाबरू नका, ढीग आजच कोसळेल असं नाही. पण गुरं आजच मावशीकडे हलवा आणि तुम्हीही तिकडेच राहा. आईचा गुडघा कसा आहे? तेवढं चालवेल ना तिला?

मागच्या पत्रात तुम्ही सहज लिहिलं होतंत, की गोठ्यामागचं कुंपण पुन्हा थोडं अलीकडे घेतलं. मी वाचलं आणि सोडून दिलं.

बाबा, पुन्हा म्हणजे कितव्यांदा?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची धाकटी