मास्तरीणबाईंच्या टाचा

मी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा इस्त्रीचा (आता बंद), राहणार वृद्धाश्रम, खोली सात, खिडकीकडची खाट, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी हात न धरता हे लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं अक्षर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. शुद्धलेखन सुधारा, अर्थाला हात लावू नका.

१. इस्त्रीचा गाळा माझ्या कष्टाचा. तो मुलाला न देता सुनेला देते. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंचं अंग लुळं पडलंय, वाचा गेलीय. कूस बदलता येत नाही, दुखलं तरी सांगता येत नाही. त्यांचं जवळचं कुणी उरलेलं नाही. माझ्यामागे दर रविवारी येऊन त्यांच्या टाचा, कोपरं, माकडहाड बघशील का, असं मुलाला विचारलं. म्हणाला, "आई, त्यासाठी इथे माणसं ठेवलीत ना?" सून म्हणाली, "अहो आई, बघेन की. मोजे तर काढायचे!" गाळा तिचा. मुलाने हक्क सांगू नये आणि तोंडही पाडू नये.

ठेवलेल्या माणसांचं ऐका. दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता भिंतीवर आहे. सकाळच्या चहाबरोबरच त्यावर संध्याकाळपर्यंतच्या सह्या होतात.

२. बँकेतलं जे काही असेल ते धाकट्या मुलीला. त्यातून तिने या खोलीला मऊ सुती चादरी आणि बिनवासाचं मलम पुरवावं. ऑफिसात देऊ नये, थेट इथल्या कामाच्या मावशींच्या हातात द्यावं. मावशी कढत पाण्याने आंघोळ घालतात, खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसतात, म्हणून मी भांडले. पण एकटीने चौदा अंगं उरकायची तर टिपून कोरडं करायला वेळ कुठला? माझी लोकरी शाल मावशींना. भांडण मिटलं.

३. इस्त्री इथल्या धोब्याला, एका अटीवर: चादरीला खळ घालायची नाही. हे मला लिहायलाच हवं. मास्तरीणबाईंची खाट कशी कडक, ताठ दिसावी म्हणून मीच हट्टाने त्यांच्या चादरीला खळ घालून घेतली. आयुष्यभर तेच नीटनेटकं मानलं. आठ दिवसांत त्यांची उजवी टाच सोलली. पापडीसारखी कातडी ती, कांजीच्या कापडावर घासून किती टिकणार!

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, चूक माझी. व्यवस्थापक फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आजी, वय झालं की कातडी अशीच होते." आणि कागदावर लिहिलं, कारण: वय.

"अहो, मी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझी का नाही सोलली?"

"तुमचं नशीब."

म्हणजे माझी खळ, तक्त्यावरच्या खोट्या सह्या, सगळं बिचाऱ्या वयाच्या माथी! मी चूक कबूल करते तर तीही कुणी लिहून घेत नाही. लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी चादर तरी बदलली असती. ती मीच ओढून काढली.

४. व्यवस्थापकांना काहीही नाही.

५. मी गेल्यावर मला कोमट पाण्याने पुसावं. त्याआधी सुनेने आणि डॉक्टरांनी माझी पाठ उघडी करून बघावी आणि जे दिसेल ते लिहावं. "वय" हा शब्द लिहिल्यास तो कागद मला मान्य नाही.

६. साक्षीदारांनी सही करण्याआधी मास्तरीणबाईंच्या टाचा स्वतः बघाव्यात. न बघता केलेल्या सह्या या घरात पुष्कळ आहेत.

ठिकाण: खोली सात. तारीख: बारा मार्च, सकाळी अकरा.
लिहून ठेवणार: सही (इस्त्रीवाल्या आजी)

साक्षीदार एक, इथे केस कापायला येणारा: आजींनी माझ्यासमोर सही केली. टाचा बघितल्या. उजवी भरत आली आहे. डावीवर रुपयाएवढं लाल आहे, बोटाने दाबलं तरी पांढरं पडत नाही; आजी म्हणतात, जखमेची सुरुवात अशीच होते. आत्ता अकरा वाजलेत, तक्त्यावर संध्याकाळपर्यंतच्या सह्या आहेत. सही.

साक्षीदार दोन, स्वयंपाकीण: आजींची सही बघितली. लालही बघितलं. सिस्टरांना हाताला धरून आणलं. त्यांनी पोटरीखाली उशी लावून टाच अधांतरी केली, मग मी सही केली. म्हणून वीस मिनिटं उशीर.